समुद्रावरचा हंस पाणी कुठलं पितो?

प्रश्न : ताई, मागच्या रविवारी आम्ही निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो होतो, पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) बघून मुलगी जाम खूश झाली. घरी येऊन तिने मोबाईलवर ब्रेंट गूज नावाचा काळा हंस शोधला, तो म्हणे अख्खा हिवाळा समुद्रावर काढतो. मग खाऱ्या पाण्यात तो पितो काय? आणि आपले हंस समुद्र सोडून निफाडलाच का येतात?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मुलीला आधी शाबासकी द्या, प्रश्न भारी आहे. ब्रेंट तसा लहानच, बदकापेक्षा थोडा मोठा, काळी मान आणि गळ्यात पांढरी कंठी घातल्यासारखी. त्याच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात, जास्तीचं मीठ रक्तातून गाळून नाकपुड्यांतून थेंब थेंब बाहेर टाकतात, त्यामुळे खारं पाणी त्याला चालतं. गोडं मिळालं तर तेही पितोच.

पण खरी गोष्ट पाण्याची नाही, खाण्याची आहे. सैबेरिया, कॅनडाच्या आर्क्टिक भागातून हे हंस हिवाळ्यात इंग्लंड, आयर्लंड, हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरतात ते ईलग्रास नावाच्या समुद्री गवतासाठी. ब्रेंट बुडी मारत नाही, शेपूट वर करून मान पोचेल तेवढंच तोडतो, म्हणजे ओहोटी लागली की त्याचं ताट वाढलं आणि भरती आली की उचललं! १९३०च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर रोग पडून हे गवत साफ झोपलं आणि त्याच्यामागे ब्रेंटही धडाधड कमी झाले. एक गवत गेलं आणि एवढा हजारो किलोमीटर उडणारा पक्षी उपाशी, मला तर हे वाचताना अजून पोटात कालवतं. शिकारीवर बंधनं आली, गवत बरंचसं परतलं, मग संख्या सावरली, आणि १९७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ते बांध ओलांडून गव्हाच्या शेतातही चरायला लागले.

आता आपले. पट्टकादंब मंगोलिया, तिबेट, लडाखकडचे, तिथेही तळ्याकाठी, दलदलीतच राहणारे. त्यांना लागतं काठाचं कोवळं गवत, आजूबाजूला गहू-हरभऱ्याची वावरं आणि रात्री टेकायला उथळ पाणी. गोदावरी-कादवाच्या संगमावर बंधाऱ्याने गाळ साचून हे सगळं एका जागी झालंय, २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याच जागेचं नाव लागलं. मग हिमालय ओलांडून आलेला पक्षी कोकणात कशाला जाईल?

पुढच्या वेळी अभयारण्यातल्या चापडगावच्या पक्षी बघायच्या टॉवरवर उजाडायच्या आत पोचा. एकदा दुर्बिणीतून बघितलेलं सांगते, एक पट्टकादंब काठावर गवत ओढत होता, ओढायचा, मान झटकायचा, मुळाची माती उडायची की परत ओढायचा, पंधरा मिनिटं हेच चाललेलं आणि शेजारी त्याचा जोडीदार मान ताठ करून राखण करत उभा. मुलीला तो राखणदार शोधायला सांगा, कळपात एक तरी असतोच.