आधी हकिकत लिहून काढ

चि. डॉक्टर,

प्रबंधाच्या सिनॉप्सिसची, म्हणजे आराखडा देण्याची, तारीख जवळ आली आणि तुला विषय सापडेना. "सर, नाशिकमध्ये बसून मेंदूविकारांवर खरं संशोधन कसं होणार? इथे ना जनुकांची लॅब, ना फंक्शनल एमआरआय," असं तू परवा म्हणालीस. राउंड चालू होता म्हणून गप्प बसलो. आता सांगतो, आणि थोडं रागावूनच सांगतो.

ऑगस्टे डेटर नावाची बाई 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. ज्याच्या नावाने विस्मरणाचा आजार ओळखला जातो त्या डॉक्टर अल्झायमरने तिला साधे प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतली. 1906 मध्ये ती वारली, मग तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली गेला. ती पानं नसती तर मेंदूत दिसलेले बदल कशाचे, हे कुणाला कळलं असतं? आधी हकिकत, मग काच.

हे जुनं झालं म्हणशील. मग जवळचं बघ. 1987 मध्ये श्रीलंकेत सेनानायके आणि करालियेड्डे यांनी ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकांच्या, विषबाधेचे दहा रुग्ण नोंदवले. सुरुवातीची लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या हे सगळं ओसरल्यावर, साधारण 24 ते 96 तासांत, मानेचे, खांद्याचे, मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडत होते. या विषबाधेवर देतात त्या अ‍ॅट्रोपिनने ही ताकद परत येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. 'इंटरमीडिएट सिंड्रोम' आपल्याला ठाऊक झाला तो अशा नोंदींमुळे. पहिली खूण कुठली? उशीवरून मान उचलता येत नाही. ती बघायला कुठली लॅब लागते, सांग मला!

आणि हे तू निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात राहून विचारतेस. कुणी फवारणीत सापडलेला, कुणी रागाच्या भरात औषध प्यायलेला, असे रुग्ण तुझ्याच वॉर्डात येतात. तिसऱ्या दिवशी 'पेशंट बरा आहे' असा शेरा मारून रेसिडेंट पुढच्या खाटेकडे वळतो. मान उचलून दाखवायला सांगितलं का? कितीपर्यंत मोजता येतं एका श्वासात? केसपेपरवर काही नसतं.

तुझेही केसपेपर मी वाचलेत. 'दोन दिवसांपासून अशक्तपणा.' कसला अशक्तपणा, अगं? कंगवा डोक्यापर्यंत नेता येत नाही, की चप्पल पायातून निसटते? पहिल्यात विचार स्नायूंकडे जातो, दुसऱ्यात नसांकडे. सुरगाण्याहून आलेल्या बाईऐवजी तिचा मुलगा उत्तरं देतो आणि तू तीच लिहून घेतेस. फिट आली तेव्हा मुलगा तिथे होता का? ज्याने पाहिली त्याला फोन लाव. आधी डोळे वळले की हात, कुठल्या बाजूचा, नंतर किती वेळ भान नव्हतं, सगळं विचार. एमआरआयची फिल्म हे सांगत नाही.

वेल्लोरच्या डॉक्टरांचं काम आठव. आपल्याकडे फिट येणाऱ्यांच्या सीटी स्कॅनमध्ये छोटी गोल गाठ दिसली की क्षयाची समजून महिनोन्‌महिने औषधं दिली जात. त्यांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि 1991 मध्ये छापलं: बहुतेक गाठी पट्टकृमीच्या अळीच्या होत्या. स्कॅन तोच, अर्थ वेगळा.

माझ्यासोबतचे मुंबईला गेले, त्यांचे पेपर आले. मी इथे राहिलो. एकेका पेशंटला एवढा वेळ देतो म्हणून नावं ठेवली गेली, बाहेर रांगेत कुरकुरही झाली. तरी मी वह्या भरत राहिलो आणि आजही भरतो. त्यातलं छापायला पुरेसा वेळ काढला नाही, ही खंत आहे. पण वेळ ऐकण्यात गेला, त्याचं मला वाईट वाटत नाही. छापायचं काम तुझी पिढी करू शकते, पण हकिकतच लिहिलेली नसेल तर छापणार काय?

तेव्हा विषय हा घे: ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत मान आणि खांद्यांची ताकद दर चार तासांनी नोंदवायची आणि पुढे व्हेंटिलेटर कुणाला लागतो ते बघायचं. संमतीपत्र मराठीत कर, नातेवाइकाला समजेल असं. एथिक्स कमिटीच्या परवानगीआधी एकही रुग्ण घेऊ नकोस. तुझ्या गाइडना विषय फार साधा वाटला तर माझ्याकडे पाठव, मी बोलतो त्यांच्याशी. नोंदीचा तक्ता शनिवारी ओपीडीनंतर घेऊन ये. पहिला रकाना रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांसाठी ठेव, आणि तो मोठा ठेव.