ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, पण माझ्यासाठी मेला का?

"ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला असेल, तर मी त्यांच्यात आहे हे कशावरून? आणि माझा पश्चात्ताप खरा आहे हे कोण सांगणार?" समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती माणसांच्या तोंडी हा प्रश्न बऱ्याचदा असतो. खालची हकिगत एका परिचारिकेची आहे; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय २९. माहेर नगर जिल्ह्यातलं, जुन्या मिशनच्या मंडळीतलं. लग्नानंतर पुण्याला आली आणि नवऱ्याबरोबर एका नव्या मंडळीत जाऊ लागली. तिथली शिकवण सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या परंपरेतली: तारण कोणाचं होणार हे देवच आधी निवडतो. बायबल अभ्यासात रोमकरांस पत्राचा नववा अध्याय निघाला: याकोब आणि एसाव या भावांतल्या एकालाच देवाने निवडलं, कुंभार मातीचं हवं ते करतो. तेव्हापासून तिची झोप उडाली. रोज रात्री पापकबुलीची प्रार्थना करायची, आणि 'आत्ता मनापासून झाली' असं वाटेना की पुन्हा पहिल्यापासून. यात दीड-दोन तास जायचे. मग मोबाईलवर प्रवचनं, पाळकसाहेबांना मेसेज, आणि नवऱ्याला दिवसातून दहादा विचारणं, "माझं तारण झालंय ना?" प्रभुभोजन घेणं तर तिने बंदच केलं होतं.

ज्या वादाने ती घाबरली तो जुना आहे. डच धर्मपंडित आर्मिनियस १६०९ साली वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी हॉलंडमध्ये पाच मुद्दे मांडले. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, पण क्षमेचा लाभ विश्वास ठेवणाऱ्यालाच होतो, आणि माणूस कृपा नाकारू शकतो, हे त्यांतले महत्त्वाचे. तिथल्याच डॉर्ट गावी भरलेल्या, कॅल्व्हिनच्या बाजूच्या धर्मसभेने (१६१८-१९) ते फेटाळले: माणसाची इच्छा पापाने इतकी जखडलेली आहे की देवाने नवं मन दिल्याशिवाय तो वळतच नाही, आणि ख्रिस्ताच्या मरणाचा तारक परिणाम निवडलेल्यांसाठीच योजलेला आहे. पुढे अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली (आर्मिनियसच्या बाजूचा) आणि प्रवचनकार व्हाइटफील्ड (कॅल्व्हिनच्या बाजूचा) या दोघा मित्रांचं याच मुद्द्यावरून बिनसलं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा प्रेस्बिटेरियन (कॅल्व्हिनचा) आणि मेथडिस्ट (वेस्लीचा) असे दोन्ही वारसे त्यात आले. त्यामुळे आपल्याकडे दोन्ही मतांची माणसं एकाच बाकावर बसलेली सापडतात.

पहिल्या भेटीत तिला कोणाची बाजू बरोबर ते सांगितलं नाही. कारण वाद कुठल्याही बाजूने सुटला असता तरी तिची काळजी सुटली नसती. ख्रिस्त सर्वांसाठी मेला हे मान्य केलं, की पुढचा प्रश्न तयारच होता: "मग मी घेतलेला निर्णय खरा होता का? इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पुन्हा पश्चात्तापाकडे वळवता न येणारे पतित आहेत, तशी मी झाले असले तर?" गॅस बंद आहे का हे सतराव्यांदा पाहणाऱ्याला शेगडीची रचना समजावून काही उपयोग नसतो. तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा हा आजार म्हणजे मंत्रचळ (ओसीडी), आणि धर्माच्या बाबतीत तो नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रज लेखक-प्रवचनकार जॉन बनियनला एसावाच्या वचनाने (त्याला पश्चात्तापाला वाव मिळाला नाही) असंच कित्येक महिने छळलं होतं.

पण सिद्धान्त बाजूला सारूनही चाललं नसतं, कारण तिची भीती अर्धवट ऐकण्यातून वाढली होती. तिच्या पाळकांना भेटीला बोलावलं आणि डॉर्टचे ठराव त्यांनीच तिला वाचून दाखवले. त्यांत स्पष्ट म्हटलंय की ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल एवढ्या मोलाचं आहे, आणि पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा हे आमंत्रण भेदभाव न करता सर्वांना द्यायचं आहे. ज्याला जिवंत विश्वास अजून जाणवत नाही, पण जो प्रार्थना आणि वचन धरून आहे, त्याने त्यागलेल्यांच्या, म्हणजे देवाने न निवडलेल्यांच्या, उल्लेखाने घाबरू नये, असंही त्यांत आहे. याच परंपरेतल्या वेस्टमिन्स्टरच्या कबुलीनाम्यात (श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) तर असं आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला फार काळ लागू शकतो. म्हणजे 'निवड' ही आपल्या छातीत डोकावून शोधायची गोष्ट कॅल्व्हिनच्या परंपरेतही नाही. दोन्ही पक्ष पाप्याला योहान ६:३७ कडेच पाठवतात: जो येतो त्याला मी घालवणार नाही.

मग कबुलीची यादी केली. तिच्यात एक खरी गोष्ट निघाली. एका सहकारी परिचारिकेकडून ६,००० रुपये उसने घेतले होते. ती विसरली आणि ही गप्प बसली. देवापुढे याची कबुली शेकडो वेळा झाली होती, पैसे मात्र परत गेले नव्हते. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं, ते लूक १९ मध्ये आहेच. तिने पैसे दिले, माफी मागितली, आणि ती नोंद यादीत पुन्हा आली नाही. बाकी बहुतेक नोंदी उपासनेत अचानक येणाऱ्या घाणेरड्या विचारांच्या होत्या. तो मंत्रचळाचा भाग असतो. त्याचा पश्चात्ताप करत बसलं की तो वाढतो.

उपचाराचे नियम असे ठरले. रात्री स्तोत्र ५१ ची सुरुवातीची वचनं मोठ्याने एकदाच म्हणायची, आमेन, दिवा बंद. अस्वस्थता कितीही वाढली तरी पुन्हा नाही. पाळकांना प्रश्न आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष भेटीत. (रात्री एक वाजता दिलेलं उत्तर दोन वाजेपर्यंतच पुरतं, हे पाळकांनीही ओळखायला हवं.) नवऱ्याने "हो गं, झालंय तारण" म्हणायचं थांबवायचं आणि फक्त "हा तोच प्रश्न आहे" म्हणायचं. शिवाय "मी निवडलेली आहे की नाही हे आज मला नक्की कळणार नाही" हे वाक्य रोज लिहून, अस्वस्थता उतरेपर्यंत त्याच्यासमोर बसायचं. पाळकांची संमती घेऊनच हे केलं; विश्वासाला पूर्ण खात्रीची अट नाही, हे त्यांच्याच कबुलीनाम्यात असल्याने ती सहज मिळाली.

पहिला आठवडा वाईट गेला. दुसऱ्यात वेगळीच अडचण आली: मोठ्याने म्हणणं थांबलं, पण भांडी घासताना मनातल्या मनात "प्रभू, क्षमा कर" सुरू झालं. हेही तपासणंच. बाहेरची कृती बंद झाली की आजार आत शिरतो, म्हणून दर भेटीला हे मुद्दाम विचारावं लागतं. प्रभुभोजन तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. १ करिंथ ११ मध्ये अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेण्याचा जो दोष सांगितलाय तो भुकेल्या गरिबांना डावलून आधीच जेवणाऱ्यांचा होता, तिच्यासारख्या घाबरलेल्यांचा नव्हे, हे पाळकांनी दाखवलं.

असं तपासणं दिवसाला तासापेक्षा जास्त होत असेल, कामावर परिणाम होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. या आजारात औषधाचा गुण दिसायला सहसा ८ ते १२ आठवडे लागतात; दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणं ही नेहमीची चूक. "मी त्यागलेलीच असेन तर जगून काय करू?" असं कोणी म्हणालं, तर वचनं सांगत बसू नये. मरणाचे विचार येतात का हे थेट विचारावं, माणसाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दुःखसप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) लक्षणं परत डोकं वर काढू शकतात, कारण वधस्तंभावरची प्रवचनं रोज कानावर पडतात. तिने त्या आठवड्याचे नियम आधीच कागदावर लिहून फ्रिजवर लावले: उपासनेला जायचं, प्रार्थना एकदाच, मोबाईलवर प्रवचन नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी नाही.