देवाचं गाणं गातो, मग पैसे कसे मागू?

"मॅडम, देवाचं गाणं आहे हो, त्याचे पैसे कसे मागायचे?" गेल्या तीन वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ख्रिस्ती गायक-वादकांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी गिटारची बॅग घेऊन दारात उभा राहिला की पुढचं मला आधीच कळतं. एक कीबोर्ड वाजवणारा आला, एका पाळकांची मुलगी आली, मग दोघं भाऊ आले, सगळ्यांची अडचण तीच. म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, नाव तर नकोच.

वय 28, मूळचा नगरकडचा (आता अहिल्यानगर म्हणायचं), पुण्यात खोली करून राहतो. संडे स्कूलपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गातोय. ऑफिसची नोकरी सोडून स्वतः मराठी ख्रिस्ती गाणी लिहायची, चाली लावायच्या, रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची असं सुरू केलं, लेबल नाही, मॅनेजर नाही, सगळं एकट्याने. माझ्याकडे आला तो मात्र झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागा, दिवसभर चिडचिड, आणि वडील फोनवर एकच विचारतात, "हे अजून किती दिवस?"

पहिल्या दोन-तीन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल करते. आमच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाच्या वाक्यातला 'च', म्हणजे त्यामागचा ताठर आग्रह, पकडायला शिकवतात. तो म्हणाला, "सेवेचे पैसे मागायचेच नसतात," आणि मी लगेच त्या 'च'च्या मागे लागले. तो शांतपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, पुढच्या आठवड्यात होता तिथेच. एकदा म्हणाला, "टिळकांनी नाही का मिशनची नोकरी सोडली?" हे टिळक म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, माझ्याही आवडीचे, त्यामुळे हे उत्तर मला तोंडपाठ होतं. म्हटलं, बाप्तिस्मा 1895 चा, मिशन सोडलं 1917 ला, मधली बावीस वर्षं घर कशावर चाललं? आणि त्या घराची ओढाताण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलीय ती वाच जरा. तो हसला, पण हलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या श्रद्धेशी वाद घालतेय, आणि त्या वादात मी बाहेरची. तिथे माझा शब्द चालणारच नव्हता.

मग गृहपाठ दिला. "तुमच्या पवित्र शास्त्रात गाणाऱ्यांचं पोट कसं भरायचं ते शोधून ये. मला माहीत नाही, तूच सांग."

दोन आठवड्यांनी आला तो खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला. पहिल्या इतिहासाच्या नवव्या अध्यायात मंदिरातले गायक आहेत, रात्रंदिवस तेच काम म्हणून त्यांना बाकीच्या कामातून मोकळं ठेवलेलं. आणि नहेम्याच्या तेराव्या अध्यायात त्याहून भारी. लोकांनी लेवी (मंदिराचे सेवक) आणि गायकांचे वाटे देणं बंद केलं, मग ते सगळे आपापल्या शेतावर निघून गेले, मंदिर ओस. तिथला राज्यपाल नहेम्या भडकला तो गायकांवर नाही, अधिकाऱ्यांवर, देवाचं मंदिर असं का सोडलं म्हणून. त्यांना परत बोलावून त्याने वाटे नीट मिळायची सोय लावली. "मॅडम, हे मी दहा वेळा वाचलं असेन, पण गायक शेतावर गेले हे दिसलंच नव्हतं."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "छान. म्हणजे शास्त्राची हरकत नाही. मग या शनिवारच्या कार्यक्रमाचे पैसे सांगशील?"

तो गप्प. एवढा वेळ धबधब्यासारखा बोलणारा मुलगा एकदम खाली बघायला लागला.

"नाही सांगणार."

"डिसेंबरात किती कार्यक्रम केलेस?"

"अकरा. तीन ठिकाणी पाकीट दिलं. बाकी शाल, आणि देव आशीर्वाद देवो."

"साउंडवाल्याला?"

"त्याला ॲडव्हान्स." मग स्वतःच म्हणाला, "मांडववाल्याला पण. जेवणवाल्याला पण."

"परत येताना गाडीवर काय वाटतं? सेवा केल्यासारखं शांत वाटतं?"

"राग येतो. मग राग आला म्हणून स्वतःचा राग येतो."

"समजा मागितलेस आणि नाही म्हणाले, तर?"

बराच वेळ गेला. "तर मग माझं गाणं तेवढं चांगलं नाहीये."

हीच ती गाठ होती. शास्त्राने परवानगी दिली तरी त्याच्या तोंडून आकडा निघत नव्हता, म्हणजे शास्त्र कधीच आड आलं नव्हतं. आड येत होतं ते 'नाही' हे उत्तर. न मागण्याला सेवा म्हटलं की ते उत्तर कधी ऐकावंच लागत नाही, आणि आपण किती पाण्यात आहोत हेही कळत नाही. मला वाटतं मनापासून फुकट दिलेल्याचा राग येत नसतो, राग येत असेल तर ते दिलेलं नसतं, उधारीवर ठेवलेलं असतं. (हे मी आता माझ्या ट्रेनी मुलींनाही सांगते.)

यानंतरचं काम सोपं होतं. त्याने तीन कप्पे केले. आपल्या मंडळीतली रविवारची उपासना फुकट, आनंदाने, आणि त्याचा हिशोब मनातसुद्धा ठेवायचा नाही. बाहेरचे कार्यक्रम, कन्व्हेन्शन, लग्नाची रिसेप्शन यांना ठरलेला आकडा, अर्धा आधी. तिसरा कप्पा क्लासचा, गिटार आणि कीबोर्डचा, कारण नाताळ ते ईस्टर कामाची गर्दी आणि पावसाळ्यात सगळं कोरडं, तेव्हा भाडं क्लासच भरतो. प्रेषित पौलही पोटासाठी तंबू शिवायचाच की, हे वाक्य त्याचं.

रॉयल्टीबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. खऱ्या धार्मिक विधीत गाणं गायलं तर आपल्या कॉपीराइट कायद्याने ते उल्लंघन धरत नाहीत, म्हणजे तुमचं गाणं शंभर चर्चमध्ये उपासनेत गायलं तरी तिथून रुपया मागता येत नाही, त्याची वाट बघू नका. पण ऑनलाइन आणि रेडिओचं वेगळं, 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा सहज लिहून घेता येत नाही, म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या, गाणी नोंदवा. इंग्रजी वर्शिप गाण्याचं मराठी करून टाकायचं तर मूळ मालकाची परवानगी लागते. उलट टिळकांची पदं कॉपीराइटमधून कधीच मोकळी झालीत, स्वतःची चाल लावून खुशाल गा. आणि यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशाला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात प्रेक्षकांनी पाहिलेले 4000 तास हा नेहमीचा रस्ता, तो ओलांडला तरी त्यावर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका. त्याने तेच केलं होतं, आणि वडिलांचा प्रश्न मला तरी अगदीच चुकीचा वाटला नाही.

आकडा पाठवायची वेळ आली तेव्हा मेसेज त्याने माझ्यासमोर टाइप केला, चार वेळा खोडला, शेवटी "सलाम, माझं मानधन इतकं आहे" एवढंच ठेवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं, "प्रार्थना करून कळवतो."

पुढच्या भेटीत मी विचारलं, "कळवलं का त्यांनी?"

"नाही ना," तो म्हणाला, आणि हसायलाच लागला, "पण मॅडम, त्या रात्री साडेदहाला झोपलो मी."