वॉल्टर ट्रॅव्हिस : उशिरा सुरू झालेल्या खेळाविषयी एक पत्र

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चार दिवसांपूर्वी मिळाले. तेविसाव्या वर्षी गोल्फची काठी प्रथम हातात घेतली, आता सव्विसावे सरत आले, बरोबरीची मुले सातव्या-आठव्या वर्षापासून खेळत आली आहेत आणि त्यांच्या चेंडूपेक्षा आपला चेंडू तीस-चाळीस यार्ड मागेच पडतो. अशा स्थितीत हौशी स्पर्धांची उमेद धरावी की रविवारच्या खेळावर समाधान मानावे, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाला माझ्याजवळ एका शब्दाचे उत्तर नाही. गेली कित्येक वर्षे ज्याच्याविषयी मिळेल ते मी वाचत आलो आहे, त्या वॉल्टर ट्रॅव्हिस या गोल्फपटूची कारकीर्द तुला नीट सांगावी आणि तीत तुझ्या उपयोगाचे काय आहे ते दाखवावे, एवढे मी या पत्रात करणार आहे.

ट्रॅव्हिसचा जन्म १० जानेवारी १८६२ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, सोन्याच्या खाणींसाठी वसलेल्या माल्डन या गावी झाला. १८८६ साली लोखंडी सामानाचा व्यापार करणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन पेढीचा प्रतिनिधी म्हणून तो न्यूयॉर्कला आला आणि पुढे अमेरिकेचा नागरिक झाला. १८९६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, न्यूयॉर्कमधले आपले स्नेही गोल्फ क्लब काढण्याच्या विचारात आहेत असे त्याला कळले, तेव्हा फारसा उत्साह नसतानाच त्याने काठ्यांचा एक संच विकत घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लाँग आयलंडवरील ओकलंड क्लबच्या मैदानावर त्याने आयुष्यातला पहिला चेंडू मारला. पस्तिसावे वर्ष पुरे व्हायला तेव्हा तीन महिने उरले होते. तो अंगाने बारीक होता, दाढी राखलेला होता, तोंडात बहुधा काळी चिरूट असे आणि बोलणे अगदी मोजके असे. वय पाहून लोक त्याला पुढे 'म्हातारबुवा' याच अर्थाच्या नावाने ओळखू लागले.

यानंतर चार वर्षांच्या आत तो अमेरिकेचा हौशी विजेता झाला. हे वाक्य असे एका दमात सांगितले जाते म्हणूनच ट्रॅव्हिसची गोष्ट चमत्कारासारखी वाटते, आणि ती तशी वाटली की तिचा तुला काहीच उपयोग राहत नाही. त्या चार वर्षांत काय घडले ते पाहा. १८९८ च्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तेथे फिंडले डग्लस या खेळाडूने त्याचा धुव्वा उडवला. डग्लस मूळचा स्कॉटलंडचा, सेंट अँड्रूजला शिकलेला, बाळपणापासून या खेळात मुरलेला आणि लांब फटक्यांसाठी नावाजलेला होता. त्या वर्षीचे विजेतेपदही त्यानेच मिळवले. १८९९ साली पुन्हा उपांत्य फेरी, समोर पुन्हा डग्लस आणि पुन्हा हार, परंतु या वेळी अंतर थोडे होते. १९०० साली गार्डन सिटीच्या मैदानावर अंतिम सामन्यात तेच दोघे समोरासमोर आले आणि ट्रॅव्हिसने तो सामना दोन होलच्या आघाडीने जिंकला (अशा सामन्यात प्रत्येक होल, म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, कमी फटक्यांत गाठणारा तो होल जिंकतो). प्रतिस्पर्धी तोच होता आणि त्याची लांबीही तीच होती. मग या दोन वर्षांत ट्रॅव्हिसच्या बाजूने काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर तू शोधावेस असे मला वाटते.

त्याचा फटका काही लांब झाला नव्हता. लांबीच्या बाबतीत तो शेवटपर्यंत पहिल्या प्रतीच्या खेळाडूंच्या मागेच राहिला. बालपणापासून खेळणाऱ्याच्या खांद्यांना आणि कमरेला जे वळण लागते ते पस्तिशीतल्या माणसाला लागत नाही, हे त्याने बहुधा पहिल्याच वर्षी ओळखले असावे. मात्र गोल्फचा एक मोठा भाग असा आहे, की ज्याला शरीराच्या त्या लवचिकतेची गरज नसते. पार बहात्तरच्या, म्हणजे अठरा होल बहात्तर फटक्यांत पुरे व्हावेत अशा मैदानाची आखणीच मुळी प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) दोन पट, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलण्याचे दोन फटके, गृहीत धरून केलेली असते. म्हणजे बहात्तरांपैकी छत्तीस फटके असे, की ज्यांत लांब मारणारा आणि आखूड मारणारा यांच्यात काही भेद नाही. त्यांत ग्रीनजवळचे छोटे फटके मिळवले, तर अर्ध्याहून अधिक खेळ तुझ्या वयाच्या आणि बळाच्या प्रश्नातून मोकळा होतो. ट्रॅव्हिसने आपले सगळे कष्ट या भागात ओतले. त्याने पुस्तके समोर ठेवून हा खेळ शिकून घेतला. होरेस हचिन्सन आणि विली पार्क यांच्या ग्रंथांतले एकेक विधान मैदानावर तपासून पाहिले, पटले ते ठेवले आणि न पटले ते सोडून दिले. नेहमीच्या होलपेक्षा लहान होलवर पट मारण्याचा सराव तो करीत असे, असेही सांगतात. ज्याने लहान होलवर शंभर पट मारले आहेत त्याला स्पर्धेतला सव्वाचार इंची होल रुंद दिसू लागतो. हे मी स्वतः करून पाहिले आहे आणि तूही करून पाहा.

या बाबतीत माझ्या मनात एक खंत आहे, ती तुला सांगतो. तुझ्या वयाचा असताना मी सरावाचा बहुतेक वेळ ड्रायव्हरवर, म्हणजे लांब फटक्याच्या काठीवर, घालवला, कारण चेंडू लांब गेला की आजूबाजूची माणसे वळून पाहतात, आणि चार फुटांचा पट पडला तर कोणी मान वर करीत नाही. ग्रीनकडे मी वळलो तोवर पंधरा वर्षे निघून गेली होती. तू रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, आठवड्याला किती चेंडू मारतोस ते पत्रात उत्साहाने लिहिले आहेस. पट किती मारतोस, त्याचा उल्लेख मात्र कोठेच नाही.

१९०१ मध्ये ट्रॅव्हिसने विजेतेपद राखले आणि १९०३ मध्ये ते तिसऱ्यांदा मिळवले. मधल्या १९०२ साली व्यावसायिक खेळाडूंसह झालेल्या खुल्या स्पर्धेतही तो दुसऱ्या स्थानावर बरोबरीत राहिला. १९०१ चा विजय त्याने रबराच्या दोऱ्याने गुंडाळलेला नवा हॅस्केल चेंडू वापरून मिळवला. गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या जुन्या चेंडूंवर वाढलेले अनेक नामवंत खेळाडू त्या वेळी या चेंडूकडे संशयाने पाहत होते. उशिरा सुरुवात करणाऱ्याचा एक लाभ असा, की त्याला जुन्या सवयी सोडाव्या लागत नाहीत.

आता १९०४ च्या सँडविचविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत प्रसिद्ध आणि माझ्या मते सर्वाधिक चुकीची सांगितली जाणारी घटना आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात, सँडविच गावाजवळ, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये रॉयल सेंट जॉर्जेसचे मैदान आहे. ब्रिटिश हौशी अजिंक्यपदाची स्पर्धा १८८५ पासून खेळली जात होती आणि ब्रिटनबाहेरच्या कोणाही खेळाडूला तोवर ती जिंकता आली नव्हती. बेचाळीस वर्षांचा ट्रॅव्हिस तेथे पोहोचला तेव्हा त्याच्याकडून कोणी काही अपेक्षा ठेवली असेल असे वाटत नाही. आपल्याला तेथे थंड वागणूक मिळाली, असे पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. सरावात त्याचे पट बिघडले होते, आणि एका सोबत्याच्या सूचनेवरून त्याने 'शेनेक्टडी' नावाचा पटर, म्हणजे पट मारण्याची काठी, हाती घेतला. न्यूयॉर्क राज्यातील शेनेक्टडी येथील आर्थर नाइट या गृहस्थाने तयार केलेल्या या पटरचे डोके अॅल्युमिनियमचे होते आणि त्याची दांडी टाचेकडून न निघता डोक्याच्या मध्याजवळून निघत असे.

मग एकेक सामना तो जिंकत गेला. हॅरल्ड हिल्टन हा दोनदा ब्रिटिश खुल्या स्पर्धेचा आणि दोनदा याच हौशी स्पर्धेचा विजेता राहिलेला खेळाडू. त्याला ट्रॅव्हिसने हरवले. उपांत्य फेरीत समोर आला तो होरेस हचिन्सन, ज्याचे पुस्तक उघडे ठेवून ट्रॅव्हिस हा खेळ शिकला होता. आठ वर्षांपूर्वी ज्याची पाने वाचली, त्या माणसाला त्याच्याच देशात हरवताना ट्रॅव्हिसच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. अंतिम सामन्यात गाठ पडली ती एडवर्ड ब्लॅकवेलशी, जो त्या काळातल्या सर्वांत लांब फटका मारणाऱ्यांपैकी एक होता. ब्लॅकवेलचा चेंडू दर वेळी कितीतरी पुढे जाऊन पडे. ट्रॅव्हिस मागून, म्हणजेच आधी, आपला दुसरा फटका खेळे, चेंडू ग्रीनवर किंवा ग्रीनच्या काठाशी नेऊन ठेवी आणि मग पट बुडवी. जो पुढे आहे त्याला वाट पाहावी लागते आणि वाट पाहताना मागच्याचा चेंडू ग्रीनवर थांबलेला दिसतो. मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेका होलवर हारजीत मोजणाऱ्या सामन्यात, याचा ताण केवढा असतो ते तुला हळूहळू कळेल. छत्तीस होलचा तो सामना ट्रॅव्हिसने तीन होल शिल्लक असताना चार होलच्या आघाडीने जिंकला. त्यानंतर ही स्पर्धा अमेरिकेकडे पुन्हा जायला १९२६ साल उजाडावे लागले.

हा विजय पटरचा होता, असे तेव्हापासून आजपर्यंत म्हटले जाते. १९१० साली ब्रिटनमध्ये गोल्फचे नियम ठरवणाऱ्या रॉयल अँड एन्शंट क्लबने मधोमध दांडीच्या पटरवर बंदी घातली तेव्हा तर या समजुतीवर शिक्कामोर्तबच झाले. प्रत्यक्षात ही बंदी सँडविचनंतर सहा वर्षांनी आली आणि तिला निमित्त झाले ते न्यूझीलंडमधील एका क्लबाने काठीच्या आकाराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे. अमेरिकेने शेनेक्टडीवरची बंदी मानली नाही आणि १९५१ साली दोन्ही देशांच्या संस्थांनी मिळून नियम ठरवले तेव्हा ती उठली. तो पटर पैसे देऊन कोणालाही घेता येत होता आणि पुष्कळांनी तो घेतलाही. पण त्यांच्यापैकी दुसरा कोणी सँडविचला जिंकला नाही. त्या अॅल्युमिनियमच्या डोक्यामागे आठ वर्षांचा सराव होता, तो दुकानात मिळत नव्हता. गेल्या महिन्यात तू नवा पटर घेतलास असे लिहिले आहेस. घेतलास ते ठीक केलेस. आता वर्षभर तो बदलू नकोस.

तुझी दिशाभूल होऊ नये म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. ट्रॅव्हिसने सुरुवात केली तेव्हा अमेरिकेतले संघटित गोल्फ जेमतेम आठ वर्षांचे होते. राष्ट्रीय संघटना १८९४ मध्ये स्थापन झाली होती. स्पर्धेत उतरणारे थोडे होते आणि त्यांतले बरेचसे त्याच्यासारखेच प्रौढ वयात शिकलेले होते. आज आपल्याकडे आणि जगात सर्वत्र दहाव्या वर्षी हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा अधिकृत आकडा) मिळवलेल्या मुलांची फळी उभी आहे. पस्तिशीत आरंभ करून राष्ट्रीय विजेता होणे आज घडेल असे मी तुला सांगणार नाही. शिवाय त्याच्या गाठीला चांगला व्यवसाय होता, क्लबचे सभासदत्व होते आणि सरावाला वेळ होता. म्हणून माझा पहिला व्यवहारी सल्ला असा आहे, की नोकरी सोडण्याचा विचार तू मनातून काढून टाक. तुझे ध्येय हौशी खेळाचे आहे, आणि ट्रॅव्हिसचे सारे यश पोटापाण्याची सोय बाजूला ठेवून मिळवलेले नव्हते.

या हौशीपणानेच पुढे त्याला अडचणीत आणले. त्याने मैदाने आखायला घेतली होती. व्हरमाँटमधील मँचेस्टर येथील एक्वॅनॉक हे जॉन डंकन डन याच्यासह केलेले त्याचे आरंभीचे काम, आणि गार्डन सिटीच्या मैदानावर त्याने खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, खणून व ग्रीनना चढउतार देऊन केलेले बदल आजही अभ्यासले जातात. १९०८ साली त्याने 'द अमेरिकन गोल्फर' हे मासिक काढले आणि अनेक वर्षे चालवले. मैदाने आखून पैसे घेणारा खेळाडू हौशी मानावा की नाही, यावर त्या काळात मोठा वाद झाला. ट्रॅव्हिस मात्र स्पर्धा संपत आल्या म्हणून खेळापासून दूर गेला नाही. जी बारकाईची नजर त्याने ग्रीनचा उतार ओळखताना कमावली होती तीच मैदान आखताना वापरली. १९१५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्क परिसरातील मेट्रोपॉलिटन हौशी स्पर्धा त्याने पुन्हा जिंकली आणि लवकरच मोठ्या स्पर्धांचा निरोप घेतला. ३१ जुलै १९२७ रोजी डेन्व्हर येथे त्याचे निधन झाले आणि त्याला एक्वॅनॉकजवळ, मँचेस्टरलाच पुरण्यात आले.

मृत्यूच्या तीन वर्षे आधी, १९२४ मध्ये, ऑगस्टा येथे त्याने बॉबी जोन्सला पटिंगचा एक धडा दिला. जोन्स तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकून बसला होता, तरीही तो या म्हाताऱ्यासमोर शिकायला उभा राहिला. ट्रॅव्हिसने त्याची पावले इतकी जवळ आणायला लावली की टाचा जवळजवळ टेकाव्यात, पकड बदलायला लावली, दोन्ही मनगटे एकमेकांविरुद्ध बिजागरीसारखी चालली पाहिजेत असे सांगितले, आणि चेंडूच्या पाठीत एक बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, ठोकायची आहे असे समजून पट मारायला शिकवले. त्याच वर्षी जोन्स प्रथमच अमेरिकेचा हौशी विजेता झाला.

तू उद्यापासून तोच धडा गिरव. पावले जवळ घे, चेंडूच्या पाठीत चूक ठोकल्यासारखा पट मार आणि चार फुटांवरून रोज पन्नास पट मारून त्यांतले किती पडले ते वहीत तारखेसह लिही. महिना झाला की ती वही घेऊन माझ्याकडे ये. ड्रायव्हर घरीच ठेव.

तुझा,
हितचिंतक