लघुपटांच्या संगीतासाठी कोणते सॉफ्टवेअर सिंथ आणि वाद्यांचे आवाज घ्यावेत?

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लघुपटांचे संगीत करायचे आहे आणि सिंथ (संगणकातच ध्वनी तयार करणारे सॉफ्टवेअर वाद्य) व वाद्यांच्या आवाजांवर नेमके कुठे पैसे घालावेत, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात स्पर्धेच्या नाटकांना पार्श्वसंगीत देतो. माझे पहिले सांगणे असे की, सिंथवर तूर्त एक रुपयाही खर्च करू नये.

'सर्ज एक्सटी' पूर्णपणे मोफत आहे आणि 'व्हायटल'ची मूळ आवृत्तीही मोफत मिळते. ध्वनितरंगाचा आकार कशामुळे बदलतो आहे, हे व्हायटलच्या पडद्यावर हलताना दिसते, त्यामुळे शिकणाऱ्याने तोच घ्यावा असे मला वाटते. १९८३ सालच्या यामाहा डीएक्स ७ या सिंथचा घंटेसारखा किणकिणता आवाज हवा असेल, तर 'डेक्स्ड' आहे, तोही मोफतच.

खरी कसोटी लागते ती रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या लायब्ररीत. एकाच स्वराची हलक्या-जोरकस आघातांची वेगवेगळी रेकॉर्डिंग आहेत का, आणि तोच आघात पुन्हा केल्यास दुसरे रेकॉर्डिंग वाजते का, हे आधी तपासावे; नाहीतर द्रुत लयीतले वादन शिलाई मशीनसारखे ऐकू येते. सारंगी-बासरीच्या बाबतीत मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याचा, प्रश्न येतो. बहुतेक ठिकाणी पिच बेंड (वाजता स्वर वर-खाली सरकवण्याची सोय) मुळात वर-खाली दोनच अर्धस्वरांचा असतो, आणि षड्जावरून पंचमापर्यंत जायला सात लागतात. ती मर्यादा जिथे वाढवता येत नाही, ती लायब्ररी कितीही गोड वाजली तरी आपल्या कामाची नाही. गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या कोल्हापुरात दरबारगायक होते, तिथला श्रोता तुटलेली मींड लगेच ओळखतो.

हलगीच्या जागी मी एकदा लायब्ररीतले परदेशी चर्मवाद्य वापरले होते. तालमीला आलेल्या हलगीवाल्याने "पत्रा कशाला बडवताय?" असे विचारले आणि विषय संपला. मग हलगी विस्तवावर शेकून, जाड व बारीक अशा दोन्ही काठ्यांचा प्रत्येक आघात चार जोरांत, पाच-पाच वेळा, त्याच्याकडूनच रेकॉर्ड करून घेतला आणि ते तुकडे 'डिसेंट सॅम्पलर' या मोफत प्लगइनमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) बसवले. त्यात एक दुपार गेली, पण तो संच आजही वापरात आहे.

म्हणून पैसे असतील तर ते ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारे उपकरण) आणि एका बऱ्या मायक्रोफोनवर घालावेत. चांगल्या इंटरफेसवर बफर, म्हणजे आवाज ऐकू येण्याआधी साठवला जाणारा तुकडा, लहान ठेवता येतो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ध्वनीच्या तेवढ्या नोंदी) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंदांचा उशीर, तर १,०२४ चा म्हणजे २३. दुसऱ्या स्थितीत बोट आधी पडते आणि सूर मागून येतो.

तानपुऱ्याची लायब्ररी तर मुळीच विकत घेऊ नये. ओळखीच्या एखाद्या गायकाकडे मिरजेचा तानपुरा असतोच. तो काळी एक या पट्टीत लावून घ्यावा, पंखा बंद करावा आणि दहा मिनिटे रेकॉर्ड करावे.