वाचक विचारतात : होकायंत्राशिवाय पॅसिफिक कसा ओलांडला?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. नकाशात पॅसिफिक महासागर बघताना तिने विचारलं की हवाई, ताहिती, ईस्टर आयलंड ही टिकलीएवढी बेटं, युरोपची जहाजं पोचली तेव्हा तिथे आधीच माणसं राहत होती, मग होकायंत्र नसताना ती तिथे गेली कशी? मी सांगितलं की मासेमारी करताना वादळात सापडून वाहत गेली असतील. बरोबर ना? आणि होड्या कशाच्या होत्या? आमचं मूळ गाव मालवणजवळ, तिथल्या होड्या बघून एवढा समुद्र पार होईल असं वाटत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलीला आजच सांगा की ते उत्तर चुकलं. तुमचा दोष नाही, वाहत गेले असतील असं मोठमोठे अभ्यासक सुद्धा विसाव्या शतकात ठासून सांगत होते. पण दोन गोष्टी बघा. तिथला वारा आणि प्रवाह वर्षातला बराच काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात आणि ही माणसं मात्र टोंगा-सामोआकडून पूर्वेला सरकत गेली, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. दुसरं म्हणजे त्यांच्याबरोबर बायका होत्या, डुकरं, कुत्रे, कोंबड्या होत्या, अळू, केळी आणि नीरफणसाची रोपं होती. वादळात सापडलेला कोळी बरोबर डुक्कर आणि फणसाचं रोप घेऊन निघालेला नसतो ना. १९७३ साली कॉम्प्युटरवर वारे-प्रवाहांचा हिशोब मांडून बघितला तेव्हाही हेच दिसलं, नुसतं वाहत जाऊन हवाई किंवा न्यूझीलंडला पोचण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

वाऱ्याविरुद्ध शोधायला निघण्यात शहाणपणही होतं. बेट नाही सापडलं तर होडी फिरवायची, वारा पाठीशी घेऊन घरी यायचं.

आता कसे जायचे ते. सगळ्यात आधी तारे. एखादा तारा क्षितिजावर जिथून उगवतो ती जागा वर्षभर बदलत नाही, वेळ फक्त रोज चार मिनिटं अलीकडे येते. मग ज्या बेटाकडे जायचं त्या दिशेला कुठले तारे एकामागून एक उगवतात आणि कुठले मावळतात हे पाठ करायचं, कारण तारा वर चढला की दिशेला उपयोगाचा राहत नाही, तो सोडायचा आणि त्याच जागेवरून येणारा पुढचा धरायचा, रात्रभर असंच. लिहून काही ठेवलेलं नाही. पश्चिम पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशिया या बेटसमूहात तर मुलांना जमिनीवर गोलात खडे मांडून हे शिकवायचे.

पण ढग आले की काय? आणि दिवसा? तिथे कामाला येते ती लाट, आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात थोर वाटतो. वाऱ्याने इथल्या इथे उठणाऱ्या लाटा वेगळ्या आणि शेकडो मैलांवरून येणारा लांबलचक संथ हेलकावा वेगळा, ज्याला स्वेल म्हणतात. तो दिवसेंदिवस एकाच दिशेने येत राहतो. असे दोन-तीन हेलकावे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी होडीखालून जात असतात आणि जाणता दर्यावर्दी होडीच्या तळाशी आडवा पडून, डोळे मिटून, नुसत्या अंगाला बसणाऱ्या हिसक्यावरून सांगतो की होडी वळली, सरळ करा. माऊ पियाइलुग नावाचे फार मोठे दर्यावर्दी होऊन गेले, त्यांना आजोबांनी अगदी तान्हेपणी खडकातल्या समुद्राच्या डबक्यात बसवलं होतं, पाण्याची ओढ अंगाला कळावी म्हणून.

बेट जवळ आल्याचं पाखरं सांगतात. पांढरा सुरय सकाळी बेटावरून समुद्रात मासे धरायला जातो आणि संध्याकाळी परत येतो, म्हणजे सकाळी तो जिकडून येतो तिकडे बेट, संध्याकाळी जिकडे जातो तिकडे बेट. १९८० साली माऊंचे शिष्य, हवाईचे नैनोआ थॉम्पसन यांनी हाच नियम धरून सकाळी होडी पाखराच्या उलट दिशेला घेतली तर माऊ म्हणाले, फिरवा, पाखराच्या मागे जा. तासाभरात बेट दिसलं! माऊंनी पाखराच्या चोचीत मासा बघितला होता, विणीचा हंगाम, ते पिल्लांना भरवायला घरी चाललं होतं. शिवाय बेटावर ढग अडकून थांबतात आणि उथळ पाण्याच्या बेटावर असले तर त्यांच्या पोटाला हिरवट झाक येते. त्यामुळे नेम टिकलीवर धरायचा नसतोच, शेजारशेजारच्या बेटांची पाखरं आणि ढग मिळून मोठं जाळं होतं, त्यात कुठेही शिरलात की पुढचं सोपं.

आणि सतत जागं राहायचं. किती वेग, किती दिवस, किती भरकटलो याचा हिशोब एकट्याच्या डोक्यात, झोपला की तुटला, म्हणून लाल डोळ्यांवरून दर्यावर्दी ओळखू येतो असं म्हणतात. तुपाइया नावाचे ताहितीजवळच्या रायातेआ बेटावरचे पुरोहित १७६९ साली कॅप्टन कुकच्या जहाजावर चढले, त्यांनी सत्तरहून जास्त बेटांचा नकाशा सांगितला आणि जहाज महिनोन्महिने कसंही वळत गेलं तरी विचारलं की ताहिती कुठे, ते बोट दाखवायचे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांशी, माओरींशी, त्यांना स्वतःच्या भाषेत बोलताही आलं, मधे एवढा समुद्र असून.

होड्यांचं म्हणाल तर लांबच्या प्रवासाला दोन होड्या आडव्या लाकडांनी जोडून वर फळ्यांचा माचा करायचे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा एकही नाही, आणि शीड केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचं विणलेलं. लहान होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल राखायला दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, मालवणच्या होडीला तुम्ही बघितली असेल तशीच. काथ्याने शिवलेली होडी लाटेत लवते, फुटत नाही, आपल्या किनाऱ्यावर पण पूर्वी अशा होड्या होत्या.

हे सगळं खरंच चालतं का हे १९७६ साली करून दाखवलं. हवाईत तशीच जोडहोडी बांधली, नाव होकुलेआ, पण हवाईत ही विद्या जाणणारं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून माऊंना बोलावलं. ते पॉलिनेशियाचे, म्हणजे हवाई, ताहिती, न्यूझीलंड या भागातल्या बेटांचे, पण नव्हते, सातावाल नावाच्या जेमतेम दीड चौरस किलोमीटरच्या मायक्रोनेशियन बेटावरचे, आणि ताहितीचा समुद्र त्यांनी कधी बघितला नव्हता. विषुववृत्त ओलांडलं की ध्रुव दिसेनासा होतो. तरी नकाशा-होकायंत्राशिवाय साधारण चार हजार किलोमीटर जाऊन महिनाभराने त्यांनी ताहितीच्या अलीकडचं माताइवा बेट गाठलं आणि ४ जूनला ताहितीच्या पापीते बंदराला पोचले. बंदरावर हजारो लोक, झाडांवर सुद्धा पोरं चढलेली. आपले पूर्वज वाहत आले असं ऐकत मोठी झालेली माणसं होती ती, त्यांना काय वाटलं असेल विचार करा.

होकुलेआ म्हणजे आनंदाचा तारा, आणि तो तारा म्हणजे आपली स्वाती. ती हवाईच्या बरोब्बर डोक्यावरून जाते, म्हणून ताहितीहून परत येताना मुद्दाम पूर्वेकडे राहून उत्तरेला जायचं आणि स्वाती माथ्यावर आली की पश्चिमेला वळायचं, समोर हवाई. आता ठाणे-मुंबई आणि हवाईचं मोठं बेट जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मे संपत आला की पाऊस यायच्या आधी रात्री साडेदहाला मुलीला गच्चीवर न्या, चटईवर उताणं झोपा, सप्तर्षीच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की एक नारिंगी ठळक तारा लागतो. तो तुमच्या नाकासमोर सरळ वर असेल.