कारखान्यात प्रेसमध्ये बोटं गेली. मालक ८० हजार रोख देतो म्हणतो. नुकसानभरपाईसाठी वकील करावा का? फी किती पडते?

करा. आणि मालकानं सुचवलेला तर अजिबात नको.

माझ्या धाकट्या भावाची दोन बोटं भोसरीत पॉवर प्रेसखाली गेली. सात-आठ जणांचं वर्कशॉप. नोकरी मामांनी लावलेली, त्यामुळे मालक म्हणजे देवमाणूस. त्यानं हॉस्पिटलचं बिल भरलं, वर थोडी रोख आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा स्टॅम्प पेपर पुढे केला. मामा म्हणाले, सही कर, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. असा कागद १९२३ च्या भरपाई कायद्यात रद्दबातल आहे, हे आम्हाला वकिलानं सांगितलं.

हिशोबही त्यानंच मांडला. पगार जास्त असला तरी धरायचे १५ हजार, त्याचे ६० टक्के ९ हजार. कायद्याच्या कोष्टकातला ३० वर्षं वयाचा गुणक २०७.९८. एका हाताची दोन बोटं गेली म्हणजे कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरतात. झाले ३,७४,३६४ रुपये. आता तुमच्या ८० हजारांकडे बघा.

मग दावा लावला आणि देवमाणसानं लेखी उत्तर दिलं: हा आमचा कामगारच नाही! नेमणूकपत्र नाही, पगार रोखीत, मस्टरवर नाव नाही. वकिलानं हॉस्पिटलचे कागद मागवले. भरती करताना ‘कामावर असताना प्रेसमध्ये हात सापडला’ असं लिहून खाली मालकानंच सही केली होती. ज्या बिलाचं मामा गावभर कौतुक करत होते, त्याच फाईलमध्ये. मग पवित्रा बदलला, म्हणे यानं स्वतःच मशीनचं गार्ड काढलं. नुसता निष्काळजीपणा म्हटला असता तर मालकाचं काही चाललं नसतं, पण गार्ड मुद्दाम काढल्याचं सिद्ध झालं असतं तर दावा बुडाला असता. उलटतपासणीत वकिलानं सुपरवायझरला एवढंच विचारलं: गार्ड नव्हतं तर मशीन चालू कसं ठेवलंत? हे तुम्ही-आम्ही उभं राहून विचारू शकत नाही.

फीचं म्हणाल तर ती गावागणिक, वकिलागणिक वेगळी. मात्र भरपाईत टक्का मागणारा वकील सोडा, बार कौन्सिलच्या नियमात त्याला मनाई आहे. रक्कम आधी ठरवा, हप्त्यानं द्या. तेही झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळू शकतो. ‘वकील घर विकायला लावतो’ म्हणणाऱ्या कुणालाही हे ठाऊक नसतं.

हो, एक राहिलं. तुमचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर वरचं सगळं विसरा, तिथे लाभ महामंडळाकडून मिळतो आणि मालकावर हा दावा लागत नाही. आणि अपघात २१ नोव्हेंबर २०२५ पासूनचा असेल तर नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागते, कलमं वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या कायद्यात मुदत २ वर्षांची होती, तेव्हा दिवाळीनंतर बघू वगैरे नको.

मामा अजून म्हणतात, संबंध बिघडले. बिघडले खरे. पण मालकाचा विमा होता, भरपाईचं मुद्दल विमा कंपनीनं भरलं. त्याच्या खिशातून गेला तो फक्त उशिराचा दंड, आणि तो वेळेत पैसे न दिल्याबद्दल लागतो, वकील केल्याबद्दल नाही.